गिटारची नखी

गिटार विकत घ्यावयाची म्हटली म्हणजे घरात चार दिवस खल होतो. लाकूड कोणते, आकार केवढा, तारा पोलादी घ्याव्यात की नायलॉनच्या, किंमत परवडेल की नाही, हे सारे पाहिले जाते. एखाद्या जाणत्या गृहस्थास दुकानात बरोबर नेले जाते. एवढे सोपस्कार झाल्यावर, वाद्य खोळीत घालता घालता दुकानदार गल्ल्याजवळच्या डबीतून एक त्रिकोणी चकती उचलतो आणि खोळीच्या खिशात टाकून देतो. ती जाड आहे की पातळ, टोकदार आहे की गोलसर, याची चौकशी कोणीच करीत नाही. श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते या चकतीविषयी. इंग्रजीत तिला पिक किंवा प्लेक्ट्रम म्हणतात. आपण तिला नखी म्हणू. कारण तो शब्द आपल्या सतारवादकांनी केव्हाच रूढ करून ठेवला आहे, आणि तो अधिक चांगलाही आहे.

विषय लहान वाटेल, परंतु त्याचे परिणाम लहान नाहीत. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, बैहर अशा आपल्या भागातल्या गावांतून गिटार शिकणारी मुलेमुली आता दिसू लागली आहेत. मोठ्या शहरात शिक्षक मिळतो. येथे पुष्कळांचा गुरू म्हणजे हातातल्या मोबाइलचा पडदा. त्या पडद्यावर डाव्या हाताची बोटे कोठे ठेवावीत हे स्वच्छ दिसते. उजव्या हातातल्या नखीची जाडी मात्र दिसत नाही, आणि ती किती घट्ट धरली आहे हे तर मुळीच कळत नाही. मग होते असे की, सहा महिने बोटांची साले निघेपर्यंत मेहनत करूनही आवाज कर्कशच राहतो. मनगट दुखू लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनात साथीला बसावे तर गाणाऱ्या मुलीचा आवाज गिटारीखाली बुडून जातो. आणि मूल मनाशी ठरवून टाकते की, आपल्या हातात संगीत नाही. गिटार कोपऱ्यात उभी राहते व तिच्यावर धूळ बसते. हात बहुधा निर्दोष असतो. चुकलेली असते ती खिशातली चकती. चहाच्या दोन-तीन पेल्यांच्या किमतीत जी वस्तू बदलता येते तिच्यापायी कोणाचे गाणे सुटावे, हे मला पटत नाही.

नखी हा शब्द अधिक चांगला असे मी म्हटले त्याचे कारण सांगतो. सतारीच्या नखीला हिंदीत मिजराब म्हणतात. तो शब्द अरबीतून आला असून त्याच्या मुळाशी मारणे, आघात करणे असा अर्थ आहे. प्लेक्ट्रम हा शब्द ग्रीकांचा. त्याच्याही मुळाशी आघातच आहे. मराठी शब्द मात्र आघातावरून आलेला नाही, तो बोटाच्या नखावरून आला आहे. नखी म्हणजे हातात घेतलेले हत्यार नव्हे. ते बोटाचेच वाढवलेले टोक होय. ही दृष्टी एकदा आली की निवडीचे अर्धे काम आपोआप होते. आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा भेद सांगताना सात तारांची चित्रा ही बोटांनी वाजवावयाची आणि नऊ तारांची विपंची ही 'कोणा'ने वाजवावयाची, असे नमूद केले आहे. हा कोण म्हणजेच त्या काळची नखी. कोणते वाद्य उघड्या बोटाने आणि कोणते साधनाने छेडावयाचे हा प्रश्न म्हणजे आजकालचे खूळ नव्हे, हे यावरून दिसेल.

सतारीचा विद्यार्थी पहिल्या दिवशी वाद्याला हात लावतो त्याच्याही आधी त्याच्या तर्जनीला नखी बसवून पाहिली जाते. तारेची ती लहानशी वळी. पण ती सैल असेल तर वाजवता वाजवता फिरते, घट्ट असेल तर बोट काळेनिळे होते, आणि तिचे टोक बोटाच्या पुढे जरा अधिक आले तर तारेत अडकते. म्हणून शिक्षक ती चिमट्याने दाबून, वाकवून, त्या एका बोटापुरती बेतून देतो. सरोदियाचा जवा नारळाच्या करवंटीचा असतो. ती करवंटी घासून, धरावयाच्या टोकाला मेण लावून, आपल्या चिमटीला साजेल असा जवा तयार करून घेण्यात कलावंत किती वेळ घालवतात हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना गिटारच्या बाबतीतला आपला बेफिकीरपणा नवलाचा वाटेल. एवढेच कशाला, भंडारा-गोंदियाकडच्या खडी गमतीत शाहिराच्या मागे तुणतुणे धरून उभा राहणारा झिलकरीसुद्धा आपला लाकडाचा तुकडा दुसऱ्याला देत नाही.

सतारीची नखी आणि गिटारची नखी यांत मात्र एक मोठा फरक आहे. सतारीची नखी बोटात घातलेली असते. ती वाकत नाही, फिरत नाही. गिटारची नखी चिमटीत धरलेली असते. ती वाकू शकते, तिरपी करता येते, पुढे-मागे सरकवता येते. त्यामुळे सतारियापुढे नसलेला एक प्रश्न गिटारियापुढे उभा राहतो, तो म्हणजे जाडीचा.

बाजारात या नख्या सुमारे ०.४ मिलिमीटरपासून २ मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक जाडीच्या मिळतात. ढोबळमानाने ०.६ मिलिमीटरपर्यंतची पातळ, ०.६ ते ०.८ पर्यंतची मध्यम, त्यापुढची जाड, आणि १.२ च्या पलीकडची फार जाड समजतात. पुष्कळ नख्यांवर हा आकडा छापलेला असतो. घरात मोजण्याचे साधन नसले तरी अडत नाही. बँकेचे जे कार्ड आपण पाकिटात बाळगतो त्याची जाडी जगभर ठरलेली आहे, ती ०.७६ मिलिमीटर. म्हणजे ते नेमके मध्यम नखीइतके. बोटांत कार्ड एकदा वाकवून पाहावे आणि मग हातातली नखी वाकवून पाहावी; आपली नखी कोणत्या बाजूची आहे हे लगेच समजते. मुदत संपलेल्या कार्डातून कात्रीने नखी कापून काढणारेही आहेत. ती लवकर झिजते, पण रविवारी दुकान बंद असताना कामास येते.

आता नखी तारेला स्पर्श करते तेव्हा काय घडते ते पाहू. तार छेडणे म्हणजे तारेला मारणे असा सर्वसाधारण समज आहे. तसे नसते. नखी प्रथम तारेला बाजूला ओढते आणि मग सोडून देते. सुटण्याच्या त्या क्षणी तारेचा एक कोन झालेला असतो. तो कोन जितका तीक्ष्ण, तितके मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर अधिक प्रमाणात उमटतात आणि आवाज चकचकीत, धारदार होतो. कोन जितका बोथट, तितके ते उपस्वर मागे पडतात आणि आवाज गोल, मऊ होतो. टोकदार नखीने तारेचा तीक्ष्ण कोन होतो, गोलसर नखीने बोथट, आणि बोटाच्या मांसल भागाने त्याहून बोथट. अंगठ्याने छेडलेली तार गोड का लागते आणि नखाने छेडलेली स्पष्ट का लागते, याचे उत्तर एवढेच आहे.

पातळ नखी तारेला टेकली की तार ओढली जाण्याआधी नखीच वाकते. त्यामुळे तार फारशी दूर जात नाही, आवाज बेताचा निघतो, आणि नखी सुटून परत सरळ होताना तिचा स्वतःचा एक 'टप्' असा आवाज होतो. जाड नखी वाकत नाही. हात जितका जोर लावील तितका तो सगळा तारेत जातो. यात कमी-अधिक चांगले असे काही नाही. आपणास काय वाजवावयाचे आहे त्यावर सारे अवलंबून आहे.

समजा आपणास गाण्याची साथ करावयाची आहे. भावगीत असो, प्रार्थना असो, चित्रपटातले गाणे असो. डाव्या हाताने स्वरमेळ धरून उजव्या हाताने सहाही तारांवरून वरखाली फिरावयाचे, ज्याला स्ट्रमिंग म्हणतात. येथे नखीला एका दमात सहा तारा ओलांडावयाच्या असतात. त्यांतली सर्वांत बारीक तार सुमारे ०.३० मिलिमीटरची आणि सर्वांत जाड तार तिच्या चौपटीहून अधिक जाडीची, असा सामान्य पोलादी संचाचा हिशेब असतो. ताठ नखी यांतल्या प्रत्येक तारेत अडखळते. हात धक्के खात जातो. वरच्या जाड तारा गर्जतात आणि बारीक तार तुटण्याची भीती राहते. शिवाय तार अतिजोराने ओढली तर तिचा स्वर पहिल्या क्षणी किंचित चढा लागतो, आणि मग सूर नीट मिळवूनही गिटार बेसूर का वाटते याचा उलगडा होत नाही. पातळ नखी वाकत वाकत सहाही तारांवरून सारख्या ओघाने जाते. तिचा आवाज मर्यादित असतो हा येथे दोष नसून गुण आहे. साथ करणाऱ्याने गाणाराच्या मागे उभे राहावयाचे असते. म्हणून केवळ साथच करावयाची असेल त्याने ०.५ ते ०.६ मिलिमीटरच्या आसपासची नखी घ्यावी असे माझे मत आहे. समोर मायक्रोफोन असेल तर मात्र त्या पातळ नखीचा 'टप् टप्' आवाज गाण्याहून मोठा होतो, तेव्हा ०.७ पर्यंत चढावे, किंवा हात घोडीपासून जरा दूर न्यावा.

आता समजा आपणास गाण्याची सुरावट एकेका तारेवर काढावयाची आहे. येथे पातळ नखी दगा देते. प्रत्येक स्वराला ती आधी वाकणार, मग सुटणार, मग सरळ होणार. एवढ्यात पुढच्या स्वराची वेळ निघून गेलेली असते. संथ चालीत हे जाणवत नाही, द्रुत लयीत स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. विद्यार्थी समजतो की बोटे मंद आहेत, आणि तासन्‌तास सरगम घोटतो. त्याच्या हाती १ मिलिमीटर किंवा त्याहून जाड नखी दिली की त्याच दिवशी स्वर सुटे ऐकू येऊ लागतात. प्रारंभी ती हातातून निसटते, तारेत रुतते, आवाज अंगावर येतो. आठ-दहा दिवस हा त्रास सोसावा लागतो. या काळात एक गोष्ट आवर्जून करावी, ती म्हणजे चिमटीतून नखीचे फक्त टोकच बाहेर ठेवावे. चार-पाच मिलिमीटर पुरे. पुष्कळजण अर्धी नखी बाहेर काढून धरतात व मग तिच्यावर ताबा राहत नाही म्हणून मूठ आवळतात. मनगटाच्या दुखण्याचे उगमस्थान बहुतेक वेळा ही आवळलेली मूठ असते.

दोन्ही प्रकार थोडेथोडे वाजवणाऱ्याने ०.७ ते ०.८ च्या मध्यम नखीने सुरुवात करावी हे ओघाने आलेच. परंतु मध्यम नखी ही तडजोड आहे, कायमचा मुक्काम नव्हे. वर्षभरात हाताचा ओढा कोणीकडे आहे ते कळते.

नायलॉनच्या तारांची गिटार ज्यांच्याकडे आहे त्यांना माझे सांगणे वेगळे आहे. ते वाद्यच बोटांसाठी घडवलेले आहे. आंद्रेस सेगोव्हिया या स्पॅनिश वादकाने विसाव्या शतकात त्या गिटारला मैफलीच्या मंचावर मान मिळवून दिला, तो बोटांच्या टोकांनी आणि नखांनी वाजवून. तेथे नखी शोधण्यापेक्षा उजव्या हाताची नखे निगुतीने राखावीत. विद्युत गिटारच्या तारा आणखी बारीक आणि सैल असतात. आवाज यंत्राने वाढतो, म्हणून हाताला जोर लावावा लागत नाही. तेथे जाड पण आकाराने लहान व टोकदार अशा नखीकडे बहुतेकांचा कल असतो. मँडोलिनवर तारा जोडीजोडीने ताणलेल्या असतात आणि स्वर लांबवण्यासाठी नखी अखंड कंपित ठेवावी लागते. तिला जाड व गोलसर कडेची नखी सोसते. संगीतकार सज्जाद हुसेन यांचे मँडोलिन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना नखीच्या त्या कंपनातून गायकाच्या कंठासारखी सलगता कशी साधते हे मी सांगावयास नको.

आपल्या देशात गिटारला जी एक स्वतंत्र वाट सापडली तिचा उल्लेख येथे केला पाहिजे. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूचा दांडा सरकवीत वाजवावयाची हवायन पद्धत आपल्याकडे लोकप्रिय झाली. हजारा सिंग, व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांनी त्या गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धुना आकाशवाणीवरून आणि ध्वनिमुद्रिकांवरून घरोघर पोचल्या. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी या वाद्यावर रागसंगीत प्रतिष्ठित केले. १९६७ साली निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर काब्रांची गिटार आहे. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या पद्धतीत चपटी नखी चिमटीत धरून भागत नाही. अंगठ्यात अंगठीसारखी घालावयाची नखी आणि बोटांत घालावयाच्या नख्या लागतात, म्हणजे आपण पुन्हा सतारीच्या जवळ येतो. मींड हा जिचा प्राण आहे अशा वादनात एकदा छेडलेला स्वर दूरवर टिकला पाहिजे. म्हणून आघात स्वच्छ व भरीव हवा, आणि तो वाकणाऱ्या नखीने साधत नाही. अंगठ्याची नखी घेताना ती तासभर घालून बसून पाहावी. दुकानात अगदी बरोबर वाटलेली नखी घरी आल्यावर रक्त अडवते. प्लास्टिकची असेल तर गरम पाण्यात बुडवून थोडी सैल करता येते.

टोकाचा आकार आणि धरण्याची तऱ्हा यांवरही बरेच अवलंबून आहे. सामान्य त्रिकोणी नखीला एक टोकदार कोपरा आणि दोन गोलसर कोपरे असतात. ते दोन कोपरे केवळ धरण्यासाठी आहेत असे समजण्याचे कारण नाही. नखी फिरवून गोलसर कोपऱ्याने वाजवून पाहावी. आवाज लगेच मवाळ होतो. एकाच चकतीत दोन नख्या दडलेल्या असताना आपण एकीनेच वाजवीत राहतो. तसेच नखी तारेला सपाट लावली तर आवाज भरदार येतो पण हाताला अडथळा जाणवतो. जरा तिरपी लावली तर ती कडेने घसरून सुटते, हात हलका होतो, मात्र गुंडाळी केलेल्या जाड तारांवर खर्र असा घासल्याचा आवाज मिसळतो. छेडण्याची जागाही पाहावी. तारेची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर असते. घोडीजवळ छेडल्यास आवाज पातळ व तिखट, मध्याकडे सरकल्यास गोड व पोकळ. कारण तार ज्या ठिकाणी छेडावी त्या ठिकाणी ज्या उपस्वरांचे स्थिरबिंदू असतात ते उपस्वर उमटत नाहीत. नवी नखी आणण्यापूर्वी हात चार बोटे इकडे-तिकडे नेऊन पाहण्यास पैसे पडत नाहीत.

नखी कशाची असावी? येथे फार घोळ घालण्याची गरज नाही, पण दोन-तीन गोष्टी आपल्या हवेच्या दृष्टीने सांगण्यासारख्या आहेत. १९२२ साली न्यूयॉर्कच्या लुइगी दआंद्रिया यांनी सेल्युलॉइडच्या पत्र्यातून नख्या कापून विकावयास आरंभ केला आणि आजचा रूढ त्रिकोणी आकार मुख्यतः तेथून पसरला. सेल्युलॉइडचा आवाज मोकळा व उजळ असतो, परंतु ते झिजते, आणि फार लवकर पेट घेते. जुन्या चित्रपटांच्या फिती ज्याच्या होत्या तोच हा पदार्थ. आरतीच्या साथीला गिटार घेऊन बसणाऱ्यांनी आपली नखी निरांजनाच्या तबकात ठेवू नये. नायलॉनची नखी लवचिक व टिकाऊ, पण नायलॉन हवेतला ओलावा शोषून घेते आणि नरम होते. वैनगंगेच्या काठी श्रावणात जी हवा असते तिच्यात उन्हाळ्यातली ०.७ ची नखी तशीच ताठ राहील अशी अपेक्षा करू नये. अॅसिटल नावाचे जे प्लास्टिक आहे ते ओलावा फारच थोडा घेते, गुळगुळीत असूनही झिजत नाही. पावसाळ्यात तेच बरे. ज्यांच्या बोटांना घाम फार येतो त्यांनी पृष्ठभाग खरखरीत असलेली नखी पाहून घ्यावी.

घरी नखी करून पाहण्याची हौस असेल तर करवंटीचा तुकडा कानशीने आणि मग बारीक पॉलिशपेपरने घासून चांगली जाड नखी होते. तिची बाकदार बाजू चिमटीत छान बसते. आपल्या जिल्ह्यात बांबू उदंड आहे, म्हणून मोह होतो; पण बांबू धाग्याच्या दिशेने चिरतो आणि त्याचे टोक पोलादी तारेपुढे टिकत नाही. म्हशीच्या शिंगाची नखी मात्र उत्तम होते.

एका जुन्या साहित्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पूर्वी उत्तम नखी म्हणजे कासवाच्या पाठीची, असा पाश्चात्त्य वादकांत समज होता आणि तो ध्वनीपुरता खराही होता. हे कवच हॉक्सबिल नावाच्या सागरी कासवाचे. ते ताठ असूनही ठिसूळ नव्हते आणि तारेवरून निसटताना आवाज करीत नव्हते. त्यापायी, व त्याहूनही अधिक फण्या, डब्या, चष्म्यांच्या चौकटी यांपायी, या कासवाची अमाप हत्या झाली आणि आज ते नष्ट होण्याच्या काठावर आहे. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याच्या कवचाच्या व्यापारावर बंदी आली. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संपूर्ण संरक्षण आहे. १९८१ साली डनलॉप कंपनीने 'टॉर्टेक्स' नावाची जी नखी काढली ती मुद्दाम या कवचाची जागा घेण्यासाठी. वर सांगितलेल्या अॅसिटलचीच ती असते. तिच्यात जाडीनुसार रंग ठरलेले आहेत: तांबडी ०.५० ची, नारिंगी ०.६० ची, पिवळी ०.७३ ची, हिरवी ०.८८ ची, निळी १ मिलिमीटरची. हे रंग त्या एका मालिकेपुरते खरे. दुसऱ्या कंपनीची निळी नखी पातळही असू शकते, तेव्हा रंगावर न जाता आकडा वाचावा. अस्सल कासवाची जुनी नखी म्हणून कोणी काही विकावयास आणील तर ती घेऊ नये. तो गुन्हा आहे, आणि त्या आवाजासाठी आता कासवाची गरजही उरलेली नाही.

थोरामोठ्यांचे अनुकरण करण्याची आपणा सर्वांना हौस असते. अमुक वादक अमुक नखी वापरतो म्हणून तीच मागवावी, असे तरुणांच्या तोंडून नेहमी ऐकू येते. जांगो राइनहार्ट यांचे उदाहरण घ्या. १९२८ मध्ये आगीत डावा हात भाजून दोन बोटे निकामी झाली, तरी त्यांनी युरोपात गिटारचा डंका वाजवला. ते फार जाड नखी वापरीत. कारण त्यांच्या ताफ्यात साथीला आणखी दोन गिटारी, व्हायोलिन व मोठा बास असे, आणि या सगळ्यांच्या वर एकट्या गिटारचा आवाज पोचवावयाचा असे. अमेरिकेतील वेस माँटगोमेरी यांनी नखीच टाकून दिली व अंगठ्याने वाजवले. रात्री सराव करताना शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ही सवय लागली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. इंग्लंडचे ब्रायन मे तर सहा पेनीचे जुने नाणे नखी म्हणून वापरतात. नाण्याच्या दातेरी कडेने तारेवर जो किंचित घासल्याचा आवाज होतो तो त्यांना हवा असतो. तिघेही श्रेष्ठ, आणि तिघांची साधने तीन दिशांची. आपल्या गावी एकट्या गायकाच्या मागे बसून भजनाची साथ करणाऱ्याला राइनहार्ट यांची नखी काय उपयोगी पडणार?

म्हणून निवड करताना दुकानात एकच नखी न मागता पातळ, मध्यम आणि जाड अशा तीन घ्याव्यात. बालाघाटला हव्या त्या न मिळाल्या तर गोंदिया-नागपूरकडे जाणाऱ्या एखाद्याकडून आणवाव्यात, किंवा टपालाने मागवाव्यात. मिश्र जाडीची पाकिटे मिळतात. घरी आल्यावर आपल्याला पाठ असलेले एकच गाणे तिन्ही नख्यांनी वाजवावे, आणि ते स्वतः ऐकण्याऐवजी दाराबाहेर बसलेल्या कोणाला तरी ऐकावयास सांगावे. वाजवणाऱ्याच्या कानाला नखीचा खडखडाट ऐकू येतो. दहा हातांवर बसलेल्याला गाणे ऐकू येते, आणि त्याचाच अभिप्राय खरा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकले तरी चालेल, मात्र यंत्र समोर टेबलावर न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे. जी नखी बरी ठरेल तिने निदान पंधरा दिवस वाजवावे. रोज नखी बदलणाऱ्याचा हात कोणत्याच नखीवर बसत नाही.

एकदा जुळलेली नखी झिजते हेही ध्यानात असू द्यावे. ती टोकाला सरळ झिजत नाही, ज्या अंगाने तारेवर तिरपी पडते त्याच अंगाने झिजते, आणि तेथे एक बारीक धार निघते. हात तोच, गिटार तीच, तारा नव्या, तरी आवाजात खरखर शिरली असेल तर नखी उजेडाकडे धरून तिची कड पाहावी. धार दिसली तर नखे घासावयाच्या कानशीने ती गोल करावी, मग जाड कापडावर किंवा जुन्या जीनच्या तुकड्यावर चांगली चोळावी. दोनतीन वेळा असे घासल्यावर टोक आखूड होते. मग ती नखी साथीसाठी ठेवून सुरावटीसाठी नवी काढावी.